नारपोलीचं कापड, नक्षी कुणाची?

यंत्रमागांच्या भिवंडीतल्या नारपोलीत कापड मिळवायला पैसे कमी आणि ओळख जास्त लागते. गल्लीत कुणाचा तरी कारखाना असतो, कुणाचा दीर फोल्डिंगला असतो, कुणाची भाभी घरी कांड्या भरते. ‘एक मीटर मांजरपाट हवं होतं’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत कटपीस दारात येतो. प्रिंटरचंही आता अप्रूप राहिलेलं नाही. टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले इंक टँकचे प्रिंटर कितीतरी घरांत शोकेसवर धूळ खात बसलेत. वर्षातून चार वेळा आधारकार्डाची प्रत काढायची, एवढंच त्यांना काम. म्हणजे एका घरात कापड आहे, शेजारच्या घरात प्रिंटर आहे आणि दोन्ही घरांत चित्रं काढणारी मुलं आहेत. या तिघांची गाठ घालून द्यावी, असं मला म्हणायचं आहे. फावल्या वेळचा छंद म्हणून ते करायला माझी हरकत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. कापडाच्या धंद्यातला जो भाग या गावानं कधी हातात घेतलाच नाही, तो शिकण्याची इतकी स्वस्त सोय दुसरी नाही.

मी इथलीच. वडील लूमच्या कारखान्यात जॉबर होते, आई कांड्या भरायची आणि मी भिवंडीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. त्यामुळं कापड मला कानानं आधी कळलं, डोळ्यांनी नंतर. सुताला सायझिंगमध्ये खळ लागते, बीम मागावर चढतो, विणलेलं कापड फोल्डिंगला जातं, ताका बांधला जातो आणि टेम्पोत पडतो. इथं त्या कापडाला म्हणायचं ‘ग्रे’. ते धुणार, ब्लीच करणार, रंगवणार आणि छापणार दुसरेच. थोडं काम भिवंडीतल्या डाइंगमध्ये होतं, बाकीचं कापड सुरत, अहमदाबाद, बालोतरा, पाली अशा गावांना जातं. तिथून ते फुलं-वेली घेऊन मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात उतरतं आणि कधी कधी फिरून आमच्याच बाजारात ड्रेस मटेरियल म्हणून येतं. विणणाऱ्याच्या बायकोनं ते उलटून-पालटून बघितलं, तरी आपल्याच गल्लीतला ताका तिला ओळखू येत नाही. भाव मात्र चांगलाच वाढलेला असतो, आणि त्या वाढीतला मोठा वाटा रंगाचा आणि नक्षीचा.

ही वाटणी पूर्वी अशी नव्हती. मुंबईच्या मोठ्या कापड गिरण्यांमध्ये सूत कातण्यापासून छपाईपर्यंत सगळं एका फाटकाआड चाले. त्यांचे डिझाइनचे स्टुडिओ होते आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून आलेली माणसं तिथं नक्षी काढत. दादरची इंदू मिल सगळ्यांना ठाऊक आहे. ती इंडिया युनायटेड समूहाची सहा नंबरची गिरणी, म्हणजे त्यांचं रंगकामाचं घर. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा आत जाता आलं नाही. भिवंडीत माग त्याच्या कितीतरी आधीपासून होते, पण संपानंतर विणकामाचा ओघ इकडं जोरात वळला. गिरणीतलं विणणं भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीला आलं, रंग-छपाई गुजरात-राजस्थानकडं सरकली आणि डिझाइनचा स्टुडिओ आमच्या वाट्याला कधी आलाच नाही. माग आले, कामगार आले, सायझिंगच्या चिमण्या आल्या. चित्र काढणारा माणूस त्या टेम्पोत बसला नव्हता.

नारपोलीत चित्रं काढणाऱ्यांचा तुटवडा होता म्हणून हे झालं, असं कुणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मी वर्षानुवर्षं मुलं बसवली. त्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं आणि संकल्पचित्र असतं. संकल्पचित्र म्हणजे चौकोनात किंवा वर्तुळात आकारांची पुनरावृत्ती करून नक्षी बसवायची. हे थेट कापडाचं शिक्षण आहे. पण मुलं ते कशासाठी शिकतात? दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. पेपर तपासून झाले की कागद रद्दीत. खिडकीबाहेर दिवसरात्र कापड विणलं जातंय आणि आत मुलगी पोस्टर कलरनं कापडाची नक्षी काढतेय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिला कुणी सांगत नाही. मीही नोकरीची बरीच वर्षं अभ्यासक्रमाच्या चौकटीतच काढली. निवृत्तीनंतर घरी प्रिंटर आला तेव्हा गल्लीतल्या मुलांना घेऊन कापडावर छापायला बसले.

आणि आमच्या वर्गासारखा नक्षीचा वर्ग दुसरीकडं सापडणं कठीण. पद्मनगरकडून येणारी तेलुगू मुलगी मुग्गू काढते, ठिपक्यांभोवती एक रेघ न तुटता फिरवत नेते. अन्सारींची मुलगी मेंदीची वेल अशी सोडते की पट्टी-पेन्सिल लागत नाही. आगरी घरातल्या पोरीनं लग्नात तांदळाच्या पिठाचा चौक मांडताना आजीला बघितलेलं असतं. उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाच्या हातात वेगळीच फुलं असतात. ही सगळी रेषेची कामं आहेत. त्यांना रंगांची चळत लागत नाही. साध्या प्रिंटरनं कापडावर छापायचं तर नेमकी रेषाच सगळ्यांत चांगली उमटते आणि टिकते. ते का, हे सांगायचं तर जरा कामाच्या तपशिलात जावं लागेल.

पहिलं काम कापड ओळखण्याचं. इथली जुनी माणसं एक धागा ओढून त्याला काडी लावतात. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख चिमटीत मऊ लागते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर टोकाला काळा टणक मणी उरतो. पीसी, म्हणजे पॉलिएस्टर-कॉटनची भेसळ असेल तर दोन्ही लक्षणं दिसतात. काडी बाईंनी लावायची, मुलांनी नुसतं बघायचं. पुढं कुठली शाई चालेल ते या एका काडीवर ठरतं.

दुसरं काम खळ काढण्याचं, आणि इथं नारपोलीच्या मुलांना बाहेरच्यांपेक्षा जास्त कळायला हवं. मागावर उभ्या धाग्याला सारखा ताण आणि घासणी सोसावी लागते. तो तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ चढवतात. ती स्टार्चची असते, हल्ली तिच्यात पीव्हीएसारखी कृत्रिम द्रव्यंही असतात. शिवाय कोऱ्या सुतात कापसाचं नैसर्गिक मेणही असतंच. अशा ग्रे कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळवाच्या पानावर बसावा तसा बसून राहतो. जिथं पाणी जिरत नाही तिथं शाई काय जिरणार? म्हणून कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, सकाळी धुण्याचा सोडा आणि साबण टाकून तासभर उकळायचं आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळून धुवायचं. मग औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन थोडं पाण्यात मिसळून कापडाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकायचा. निळा-काळा डाग पडला तर स्टार्च अजून आहे. पिवळट-तपकिरी राहिला तर गेला. हाच प्रयोग मुलांनी विज्ञानाच्या तासाला बटाट्यावर केलेला असतो. आयोडीनला पीव्हीएची खबर नीटशी लागत नाही, म्हणून शेवटी पुन्हा पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तो पडताक्षणी जिरला पाहिजे.

तिसरं काम कापडाला कागदाचं वळण लावण्याचं. प्रिंटरला कापड ओढता येत नाही, ते सुरकुततं. परदेशात यासाठी एका बाजूनं प्लास्टिकचा हात दिलेला फ्रीझर पेपर इस्त्रीनं कापडामागं चिकटवतात. आपल्याकडं स्टेशनरीच्या दुकानातला ए-फोर स्टिकर पेपर बरा. कापड इस्त्री करून त्यावर एकही सुरकुती न ठेवता दाबून बसवायचं, मग कडा धारदार कात्रीनं कागदाबरोबर कापायच्या. सुटं सूत एकही राहता कामा नये. लोंबणारा धागा छपाईच्या हेडला अडकला की प्रिंटर दुरुस्तीला गेलाच समजा. कापड पातळ हवं: केम्ब्रिक, पॉपलिन, बारीक मांजरपाट. प्रिंटरला मागून कागद घालायची सोय असेल तर तिथूनच घालावं, कारण त्या वाटेत वळणं कमी. सेटिंग जाड कागदाचं ठेवायचं आणि एका वेळी एकच पान. लेझर प्रिंटरमध्ये किंवा झेरॉक्सच्या मशिनात मात्र हे पान अजिबात घालू नये. तिथं टोनरची भुकटी 200 अंशांच्या आसपास तापलेल्या रुळांनी वितळवून चिकटवली जाते. स्टिकरचा गोंद त्या रुळांवर उतरेल आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही.

चौथी गोष्ट शाई, आणि फसगत बहुतेक इथंच होते. घरगुती प्रिंटरच्या शाया दोन जातींच्या. डायची शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते; ती कापडावर सुंदर चमकते आणि पहिल्या धुण्यात बादलीत उतरते. पिगमेंटच्या शाईत रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात, ते धाग्याला धरून बसतात आणि वरून कोरडी गरम इस्त्री फिरवली की आणखी पक्के होतात. एप्सनच्या ड्युराब्राइट शाईत चारही रंग पिगमेंटचे आहेत. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच इंक टँक प्रिंटरांत काळी तेवढी पिगमेंटची आणि बाकीचे तीन रंग डायचे. म्हणजे त्यावर रंगीत गुलाब छापला तर धुतल्यावर पाकळ्या जातील आणि काळ्या शाईनं काढलेली रेघ राहील. मुग्गू, मेंदी, चौक टिकतात म्हटलं ते यासाठी. छापून झाल्यावर एक दिवस थांबायचं, इस्त्री करायची आणि मगच थंड पाण्यात सौम्य साबणानं धुवायचं.

‘बाई, रंग गेला!’ ही आरोळी ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येते, त्या दिवशी खरं शिकणं सुरू होतं. मग कुणीतरी मोबाइलवर बघून येतं की मीठ आणि व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो. सुती कापडावर प्रिंटरची शाई त्यानं पक्की होत नाही. व्हिनेगरचं आम्ल रेशमाच्या आणि लोकरीच्या काही रंगांना उपयोगी पडतं, सुताला नाही. प्रिंटरच्या डायचा विद्युतभार ऋण असतो. त्याला पकडून ठेवायला धन भाराचं रसायन लागतं. डाइंगवाले ज्याला फिक्सिंग एजंट म्हणतात ते नेमकं हेच, आणि ज्या गावात डाइंग आहेत तिथल्या रंग-रसायनांच्या दुकानांत ते मिळतं. हातमोजे घालून, पातळ द्रावणात कापड आधी बुडवून वाळवलं तर रंग बराच धरतो. ही माहिती आमच्या गल्लीतल्या डाइंगमास्तरला पाठ असते आणि त्याच्याच मुलाला मोबाइलवर मीठ-व्हिनेगर सापडतं! ज्ञान गावात आहे, पण ते कारखान्याच्या फाटकाबाहेर येत नाही. शाळेनं ते बाहेर आणायला हवं.

आता बाजाराकडं वळते, कारण प्रिंटर म्हटलं की हल्ली लगेच ‘घरबसल्या टी-शर्ट छापून कमवा’ हा सूर लागतो. त्यातलं बरंचसं सब्लिमेशन असतं. इंक टँक प्रिंटरमध्ये वेगळी शाई भरायची, चित्र कागदावर उलटं छापायचं आणि हीट प्रेसमध्ये साधारण 180 ते 200 अंशांवर कापडावर दाबायचं. शाईची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते. कृती चोख आहे, रंगही धुऊन जात नाही. पण ती पॉलिएस्टरचीच कृती आहे. सुती कापडाला तो रंग धरत नाही आणि पीसीवर निम्मा-शिम्मा फिका उतरतो. गडद कापडावर तर काहीच दिसत नाही, कारण या प्रिंटरांना पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा म्हणजे खालचं कापडच. काळ्या टी-शर्टवर छापायचं तर डीटीएफ, म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’ छपाई लागते, आणि तिची यंत्रं घरच्या प्रिंटरच्या गोष्टीत बसत नाहीत.

या धंद्याला माझा विरोध नाही. मंडळाचे टी-शर्ट, क्रिकेटच्या जर्सी, वाढदिवसाचे मग यावर कुणाचं घर चालत असेल तर चालू दे. पण ज्या वस्तीत कापडाची इतकी जाण आहे, तिथल्या मुलानं इंटरनेटवरून उतरवलेला वाघ छापून शेजाऱ्याच्या दुकानापेक्षा वीस रुपये कमी घ्यायचे, यात त्याच्या हाताला नवं काय येतं? तो वाघ सगळ्यांकडं आहे. उद्या चौथं दुकान निघालं की भाव आणखी पडेल. शिवाय तो वाघ कुणीतरी काढलेला असतो. वारली चित्रांच्या बाबतीत तर हे रोज दिसतं. आमच्या जिल्ह्यालगतच्या डहाणू-तलासरीकडच्या आदिवासींची ही चित्रकला. जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढं नेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तरी चादरीपासून चपलेपर्यंत ती छापणाऱ्यांत वारली पाड्यांचा वाटा किती, हे पाड्यांत जाऊन विचारावं. प्रिंटरनं नक्कल फार सोपी केली आहे. म्हणूनच त्याच्यासमोर मुलाला बसवताना पहिला नियम एकच: स्वतःच्या हातानं काढलेलंच छापायचं.

मग ए-फोर पानाएवढ्या कापडाचा उपयोग काय? त्यातून साडी होत नाही, कुर्ता होत नाही. बरोबर. त्यातून नमुना होतो, आणि कापडाच्या धंद्यात नमुन्याशिवाय पान हलत नाही. छपाईच्या कारखान्यात रोटरी मशिनवर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. तो खर्च निघायचा तर माल शेकडो मीटरच्या वर जावा लागतो. त्यामुळं ‘माझ्या मनात एक नक्षी आहे, जरा छापून बघता का’ असं तिथं जाऊन म्हणायची सोयच नाही. आता मीटरवर डिजिटल छपाई करून देणारे आहेत, पण तिथंही फाइल तयार लागते आणि रेघ एक मिलीमीटर जाड झाली तर पुन्हा पैसे. घरच्या प्रिंटरवर रात्री काढलेली नक्षी सकाळी कापडावर दिसते. ती धुवून बघता येते, चुरगळून बघता येते, आईच्या खांद्यावर टाकून चार पावलं मागं जाऊन बघता येते. कागदावर भरगच्च वाटलेली वेल कापडाच्या चुणीत कशी हरवते, हे दुसऱ्या कशानंच कळत नाही.

इथं मुलांना शिकवायची एक व्यवहाराची गोष्ट सांगते. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण 64 सेंटीमीटर असतो. म्हणून नक्षीचा एक पूर्ण तुकडा, ज्याला धंद्यात रिपीट म्हणतात, तो 64 किंवा त्याला पूर्ण भाग जाणाऱ्या मापात बसवावा लागतो: 32, 16, 8. ए-फोर पान 21 बाय 29.7 सेंटीमीटरचं. 32 चा तुकडा त्यात मावत नाही, 16 चा आरामात मावतो. मग संकल्पचित्राचा चौकोनच 16 सेंटीमीटरचा घ्यायचा. उजवीकडं बाहेर गेलेली वेल डावीकडून तंतोतंत आत आली पाहिजे, वरची खालून. चार पानं छापून शेजारी शेजारी लावली की सांधा दिसतो की नाही ते लगेच कळतं. असा नमुना घेऊन गेलेल्या मुलीला छपाईवाला ‘बेटा, ये नहीं चलेगा’ म्हणून परत पाठवू शकत नाही. त्याला रंग किती, स्क्रीन किती आणि भाव किती, यावर बोलावं लागतं. वाढीव गुणांसाठी काढलेल्या चौकोनाला एवढंच हवं होतं: खरं माप.

भाव ठरवायची वेळ आलीच तर कायद्याचीही एक ओळ माहीत असावी. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 15 नुसार, जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी आहे पण नोंदवलेली नाही, ती मालकाच्या संमतीनं औद्योगिक पद्धतीनं 50 पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास म्हणजे छपाईच्या मशिनला चहा पिण्याइतका वेळ. संरक्षण हवं तर डिझाइन्स कायदा, 2000 खाली नक्षी आधी नोंदवावी लागते, आणि तीही बाजारात येण्यापूर्वी. चित्रकलेच्या कुठल्याही पुस्तकात हे मला दिसलं नाही. गरीब घरातल्या मुलांना याची गरज सर्वांत जास्त, कारण हातातली नक्षी तोंडाच्या शब्दावर देऊन टाकणारी तीच असतात.

चित्रकार आणि माग यांची गाठ घालण्याची कल्पना माझी नाही, ती सरकारनंच एकदा राबवली आहे. पन्नाशीच्या दशकात हातमागासाठी विणकर सेवा केंद्रं निघाली आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या दिल्या गेल्या. आपले प्रभाकर बरवे 1961 मध्ये वाराणसीच्या केंद्रात रुजू झाले आणि नंतर मुंबईच्या केंद्रात आले. अकोल्याकडचे आंबादासही या केंद्रांत काम करत होते. आधुनिक भारतीय चित्रकलेतली ही मोठी नावं विणकरांसाठी नक्षी काढत होती. पण ते सगळं हातमागासाठी. यंत्रमाग म्हणजे हातमागाच्या पोटावर पाय देणारा, अशी त्या काळची भावना होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. तरी आज भिवंडीच्या मागांवर हजारो घरं जगतात. त्यांच्या वाट्याला यंत्र आलं, कर्ज आलं, विजेचं बिल आलं. बरवे कुणी आला नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आणि स्वस्त आहेत. इथल्या शाळांनी, मराठी असो, उर्दू असो की तेलुगू, संकल्पचित्राच्या पेपराच्या तयारीत निदान एक नक्षी कापडावर छापून, धुवून दाखवायला लावावी. विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या बाईंनी एका तासाला एकत्र बसावं. खळ, आयोडीन आणि शाई यांचा धडा तिथंच होतो. शाळेच्या ऑफिसात प्रिंटर असतोच, पण त्यात कापड घालायला मुख्याध्यापक घाबरतील आणि त्यांचं बरोबर आहे. त्यासाठी जुना, वॉरंटी संपलेला प्रिंटर वेगळा ठेवावा. भिवंडीत ‘सस्मिरा’ या कापड संशोधन संस्थेचं यंत्रमाग सेवा केंद्र आहे. तिथं एक टेबल गावातल्या मुलांच्या नमुन्यांसाठी राखून ठेवायला, महिन्यातून एक दिवस रंग पक्का आहे की नाही ते तपासून द्यायला फार खर्च येणार नाही. आणि कारखानदारांनी वर्षातून एक ताका, फक्त एक, गल्लीतल्या नक्षीनं छापून आणावा. शंभरएक मीटरची ती जोखीम आहे; सुताच्या भावात एका आठवड्यात त्याहून जास्त उलथापालथ होते.

एका शेठजींकडं मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘टीचर, हमको ग्रे बेचना है. डिझाइन का झंझट कौन पाले?’ त्यांची अडचण मला कळते. ग्रे विकला की पैसे ठरल्या मुदतीत येतात. छापलेला माल पडून राहिला तर गोडाऊन भरतं. मंदीत कितीतरी माग भंगारात जाताना आम्ही बघितलेत आणि त्यांच्या जागी मोठ्या गोदामांची पत्र्याची छपरं उभी राहताना बघतोय. पण ग्रेमध्ये स्पर्धा फक्त भावाची. मीटरमागं पैशांनी स्वस्त देणारा कुणीतरी दुसऱ्या गावात नेहमी बसलेला असतो, आणि त्याची वीज स्वस्त असली की आपण हरलो. नक्षी तशी सहज दुसऱ्या गावाला उचलून नेता येत नाही, निदान ती कुणाच्या हातातून आली हे ठाऊक असेल तर. झंझट पाळण्याचा फायदा हा आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा: चित्रानं पोट भरतं का? प्रिंटरनं तर मुळीच भरणार नाही, आणि भरेल असं मी कुणाला सांगत नाही. पण कापड ओळखणारी, खळ काढता येणारी, रिपीट बसवता येणारी आणि स्वतःच्या नक्षीचा कायदा जाणणारी सोळा वर्षांची मुलगी आणि नुसते वाढीव गुण मिळवलेली मुलगी, यांत नोकरी कुणाला मिळेल हे सांगायला शिक्षिका व्हावं लागत नाही. जे. जे.ला किंवा दुसऱ्या कुठल्या संस्थेत टेक्स्टाइल डिझाइनला जायचं ठरवलं, तर तिच्या फाइलमध्ये कागद नसतील, धुतलेलं कापड असेल.

गिरण्यांच्या काळी कापडाच्या किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असायचं. बायका ते वाचूनच कापड घ्यायच्या. विणणाऱ्याचं किंवा नक्षी काढणाऱ्याचं नाव तेव्हाही नसे. आता एखाद्या शेठनं तो एक ताका छापून आणलाच, तर किनारीवर कारखान्याच्या नावाबरोबर नक्षी काढणाऱ्या मुलीचं नाव आणि खाली ‘नारपोली’ एवढं छापावं. त्याला जास्तीची स्क्रीन लागत नाही, नक्षीच्याच रंगात ते बसतं. तेवढं झालं तर पुढच्या वर्षी संकल्पचित्राच्या तासाला मुलांना बोलवावं लागणार नाही.